मौनवाल्या बाई

माझी माय दिवसभर बोलायची. सकाळी बंब पेटवताना बंबाशी, भाकरी थापताना भाकरीशी, आणि घरात कुणीच नसलं तर वारलेल्या सासूशी भांडायची. सासूची उत्तरंही तीच द्यायची. हे सगळं अहिराणीत. आम्ही सटाण्याकडचे, बागलाणातले. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अंबडच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही तिघं दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि बाजरीचं अर्धं पोतं घेऊन नाशिकला द्वारकेच्या चौकात एसटीतून उतरलो. तिथून कॉलनीपर्यंतच्या रिक्षात मायने रिक्षावाल्याचं गाव, आडनाव, लेकरं किती, धाकट्याला खोकला कशाने झाला, एवढं सगळं काढून घेतलं होतं. उतरताना तो तिला 'येतो मावशी' म्हणाला. मी तेव्हा अकरा वर्षांची. मला त्याचंही कौतुक वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

कॉलनी म्हणजे काय, बावीस घरं आणि त्याहून जास्त रिकामे प्लॉट. मागच्या दारातून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा आणि पुढच्या दारातून आमच्यासारखीच नवी, अर्धवट गिलाव्याची घरं. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, मग स्टोव्हचा भरभर आवाज आणि त्या सगळ्यावर मायचा. कोपऱ्यावर एक सार्वजनिक नळ होता. त्याला पाणी कधी येईल हे परमेश्वराला ठाऊक, त्यामुळे बायका हंडे लावून तिथेच बसायच्या. कॉलनीचं जे काही गाव होतं, ते त्या नळावर. कुणी मनमाडच्या रेल्वेतले, कुणी त्र्यंबकचे, आणि आंबेकर काकू तेवढ्या मूळच्या नाशिकच्या, पंचवटीतल्या. त्यामुळे शुद्ध काय, अशुद्ध काय, कुठल्या सणाला काय करायचं, यावर काकूंचा शब्द शेवटचा. बाई मनाने चांगल्या होत्या. पण शब्द शेवटचा.

शाळेत पहिल्या महिन्यातच माझी हजामत झाली होती. मी शाळेला 'शाया' म्हणाले, डोळ्याला 'डोया', आणि 'आहे'च्या जागी 'शे'. मुली पोट धरधरून हसल्या. मी हट्टी. सहा महिन्यांत अशी काही भाषा घासूनपुसून घेतली की बाई मला प्रार्थना सांगायला पुढे उभी करायला लागल्या. घरात माय, बाहेर आई. चप्पल दारात घालावी तसा मी 'आई' हा शब्द दारात घालून बाहेर पडायचे आणि आत येताना काढून ठेवायचे. नानाही कारखान्यात साहेबांशी वेगळं बोलायचे, घरी वेगळं. एकटी मायच सगळीकडे एक होती.

आठवीत होते तेव्हाची गोष्ट. एकदा नळावर मायने विचारलं, "पानी कवय ई वं बहीन?" पाणी कधी येईल, एवढंच. शेजारच्या गायधनी वहिनी तरुण होत्या, नकला छान करायच्या. त्यांनी मान वाकडी करून मायच्याच सुरात "कवय ई, कवय ई" म्हटलं आणि सगळा नळ हसला. सगळ्यांत मोठ्याने माय हसली! संध्याकाळी नानांना तिने तो किस्सा वहिनींची नक्कल करून सांगितला, म्हणजे स्वतःच्याच नकलेची नक्कल. मी मात्र आतून जळत होते. "तू नळावर बोलत जाऊ नकोस," मी म्हणाले. तिने भाकरी उलटली. "काबर? हसनारना दात दिसतस." हसणाऱ्याचे दात दिसतात, आपलं काय जातं, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवसापासून पाणी भरायचं काम मी स्वतःकडे घेतलं. पोरगी कामाची झाली म्हणून माय खूश.

मग नवरात्र जवळ आलं आणि काकूंनी भोंडला ठरवला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. रोज एका घरी. जिच्या घरी भोंडला, तिने डबा झाकून आणायचा, खुळखुळ वाजवायचा, आणि बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी 'हरलो' म्हणायचं आणि घरच्या बाईने पदार्थाचं नाव सांगायचं. खिरापत न ओळखली जाणं ही मोठी इभ्रतीची गोष्ट. आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भोंडल्याचा मेनू आदल्या दिवशीच येतो, खाली चाळीस अंगठे. ओळखायचं काय, कपाळ? असो.

काकू वही घेऊन घराघरांत वार लावत फिरत होत्या. फाटकाशी मीच होते. "आई आहे का गं? सहाव्या माळेला तुमच्याकडे चालेल का विचार. आणि तिला म्हणावं फेरात ये, एकटी एकटी राहते." माझ्या डोळ्यांसमोर फेरातली माय उभी राहिली, तिची ती खणखणीत 'शे' उभी राहिली, आणि गायधनी वहिनींची वाकडी मान. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "आईचं मौन आहे, काकू."

"मौन?"

"चातुर्मासाचं. देवाला बोललीय. कार्तिकी एकादशीपर्यंत."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं, तसं मी बोलले. चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी पानावर जेवतं, काकू स्वतः चार महिने एकवेळ जेवायच्या. त्यांचा त्यावर लगेच विश्वास बसला. त्यांनी तिथूनच, फाटकाबाहेरून, आमच्या घराला नमस्कार केला. "बघा, आणि आम्ही नळावर त्या माउलीला हसलो," त्या म्हणाल्या आणि वही बगलेत मारून निघून गेल्या. हसलो होतो ते ती बोलली म्हणूनच, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, सुटले.

सुटते कसली! दोन दिवसांत गोष्ट कॉलनीभर झाली. माय किराणा दुकानात गेली की बायका बाजूला होऊन तिला पुढे करायच्या, हात जोडायच्या, आणि तिचा नेम मोडू नये म्हणून ती तोंड उघडायच्या आत पसार व्हायच्या. कुणी दारात दोन केळी ठेवून गेलं. माय चक्रावून गेली. "ह्या बाया माले हात जोडतस आन् निंघी जातस," ती नानांना म्हणाली. "मी काय देव शे का?" नाना म्हणाले, शहरात अशीच पद्धत असेल. मी ताटातलं वरण ढवळत बसले. चोराच्या मनात चांदणं.

सहाव्या माळेच्या सकाळी मी शाळेत असताना आंबेकर काकू हत्तीचा पाट घेऊन आमच्याकडे आल्या. पुढचं मला मायने सांगितलं, तेवढंच मला ठाऊक. माय 'या बसा' म्हणायला तोंड उघडते तोच काकूंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नका हो, नुसतं ऐका. तुमच्या मौनाचं सगळ्या कॉलनीला कौतुक आहे. तुमच्या कुंदाने सगळं सांगितलं." आणि माझी बडबडी माय, जिचा शब्द कधी घशात थांबला नव्हता, तिने तो शब्द गिळला. काकू जाईपर्यंत ती नुसती मान हलवत राहिली. मी दुपारी घरी आले तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. समोर परातीत भिजवलेली तुरीची डाळ.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने घडलं ते सांगितलं आणि विचारलं, "मनी लाज वाटस का तुले?" माझी लाज वाटते का तुला. मी रडायला लागले. तिने पदराने माझं नाक पुसलं, जोरात पुसलं, आणि म्हणाली, "देवना नाव लीसन बोलनी ना तू? मंग आते नेम पुरा करना पडी." देवाचं नाव घेऊन बोललीस ना, मग आता पुरा करावा लागेल. मी म्हणाले, मी काकूंना खरं सांगते, आत्ता जाऊन सांगते. तिने ओठांवर बोट ठेवलं. थेट काकूंसारखं. आणि पाट्यावर डाळ वाटायला घेतली.

संध्याकाळी पाचला अख्खी कॉलनी आमच्या अंगणात. हत्तीभोवती फेर धरला तेव्हा बायकांनी मायला हाताला धरून आत घेतलं. ती ओठ मिटून फिरली, पण पाय इतके तालात की फेराचा वेग तीच ठरवत होती. मग खिरापत. मायने मोठा पितळी डबा आणला आणि हलवला. आवाजच नाही. नुसतं मऊ धप्प. बायका बुचकळ्यात. "लाडू? शिरा? घारगे?" माय मान हलवते. "गोड की तिखट?" तिने जीभ बाहेर काढून हाताने वारा घातला. हशा पिकला. "वडे? ढोकळा? कोथिंबीरवडी?" नाही, नाही, नाही. शेवटी काकूंनीच हात टेकले. "हरलो बाई. सांगा... अगं हो, त्या कशा सांगतील? कुंदे, तू सांग."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. डब्यात फुनके होते. तुरीची डाळ जाडसर वाटून, मिरची-कोथिंबीर घालून, मुटके करून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. आमच्याकडचं रोजचं खाणं. नवरात्र म्हणून तिने लसूण तेवढा वगळला होता. मी म्हणाले, "डाळीचे वडे. वाफवलेले." मायने मान हलवली. नाही. बायका हसल्या, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मी म्हणाले, "मुटके." मायने डबा छातीशी धरला आणि झाकणावर तळहात ठेवला. तिचे डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत राग नव्हता, पण ती हलणार नव्हती हे मला कळलं.

"फुनके," मी म्हणाले.

"काय?" गायधनी वहिनी.

"फुनके. आमच्या सटाण्याकडे करतात."

मायने झाकण उघडलं. गरम वाफ आली. तिने वर कच्च्या तेलाची धार धरली आणि आतून कढी आणली. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. गायधनी वहिनींनी तीन खाल्ले आणि चौथा पदरात बांधून नेला.

मला वाटलं, झाली शिक्षा, आता माय बोलेल. ती दसऱ्याला बोलली नाही, कोजागरीला बोलली नाही. घरातसुद्धा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मला तेव्हा कळलं, फक्त तोंड तिचं होतं आणि मार मला. एक टाळी म्हणजे जेवायला ये. दोन म्हणजे पाणी आण. भाकरी थापल्याचा आवाज पूर्वी तिच्या बोलण्याखाली दबलेला असायचा, आता तेवढाच यायचा. सासूशी भांडणसुद्धा बंद. नाना पाळीवरून आले की दारात क्षणभर थांबायचे, चुकीच्या घरात आलो की काय असं बघायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुनी माय कवय बोली वं?" मी त्यांना खरं सांगून टाकलं. ते बराच वेळ बिडीच पेटवत बसले, काडीमागून काडी विझत होती. मी रात्री अंथरुणात मायच्या कुशीत शिरून म्हणायचे, बोल ना गं. ती पाठीवरून हात फिरवायची. रुसलेली नव्हती ती, हेच मला सोसत नव्हतं.

आणि याच दिवसांत एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. दुपारी एकेक बाई आमच्याकडे यायला लागली. पहिल्यांदा कुणीतरी निवडायला मेथी घेऊन आली आणि मायच्या शेजारी बसून, मेथी निवडता निवडता, आपल्या घरचं सांगून मोकळी झाली. माय ऐकायची. मध्ये बोलायची नाही, उपदेश करायची नाही, आणि मुख्य म्हणजे नळावर जाऊन कुणाला सांगायची नाही. सांगणार कशी? मनमाडच्या वहिनी आल्या, त्र्यंबकच्या मावशी आल्या. 'मौनवाल्या बाईंकडे जाऊन येते' असं बायका घरी सांगून निघायच्या. सगळ्यांत जास्त आल्या गायधनी वहिनी. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि सासू दर चतुर्थीला टोमणे मारायची. मी स्वयंपाकघरात अभ्यासाचं नाटक करत ऐकत होते. नळावर सगळ्यांना हसवणारी ती बाई आमच्या पाटावर बसून हमसून हमसून रडली आणि मायने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मला त्या वहिनींचा केवढा राग होता! तो त्या दुपारी कुठे गेला, मला सापडला नाही.

मला आता कधी कधी वाटतं की मायला त्या दिवसांत काहीतरी गवसलं होतं. ती जन्मभर बोलली, पण गावात असो की इथे, तिचं ऐकणं कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे मी तिला एकदा विचारलंही, की माय, तुला त्रास नाही का झाला. तेव्हा ती म्हणाली होती, पहिले आठ दिवस पोट फुगलं होतं, मग सवय झाली. पोट फुगलं होतं! असं बोलायची ती.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला सकाळी मौन सोडायचं. काकूंनी सांगून ठेवलं होतं की मौनाच्या उद्यापनाला घंटा द्यायची असते, देवळाला. कॉलनीत देऊळ नव्हतं. मायने खुणेने नळाकडे बोट दाखवलं. काकूंना आधी पटेना, मग म्हणाल्या, बरं, पाणी म्हणजे पण देवच. नानांनी भांडीबाजारातून पितळी घंटा आणली आणि नळाशेजारच्या लिंबाला बांधली. पाणी आलं की जिला आधी दिसेल तिने वाजवायची. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं कॉलनीतल्या बायकांना नळावर ताटकळत बसावं लागलं नाही. त्या बसायच्या ती गोष्ट वेगळी.

द्वादशीला आमची पुढची खोली भरून गेली. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, उशिरा आलेल्या उंबऱ्यात. माय मध्ये पाटावर, नवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी साखरेची वाटी घेऊन भिंतीला चिकटून उभी. आता ती तोंड उघडेल आणि अहिराणी बाहेर पडेल. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी विचारेल, मौन कशासाठी धरलं होतं. मायला खोटं बोलता येत नसे. पंचवीस बायकांसमोर माझं बिंग फुटणार होतं, आणि फुटायलाच हवं होतं. मी मनाशी म्हटलं, फुटू दे एकदाचं.

काकूंनी तिला ओवाळलं, तोंडात साखर घातली आणि म्हणाल्या, "आता बोला, बाई. एवढं कडक मौन धरलंत, कशासाठी हो?"

मायने साखर गिळली. घसा खाकरला. सव्वा महिन्याने तो आवाज आला, जरा खरखरीत, पण तोच. "मनी आंडेरनी नवस बोलेल व्हता," ती म्हणाली. "मी पुरा करा."

मी पहिल्यांदा गायधनी वहिनींकडे पाहिलं. त्या मायच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या. त्यांची मान वाकडी झाली नव्हती. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या. "बोला ना," त्या म्हणाल्या. "अजून बोला. किती दिवस नुसतं मीच बोलतेय."

आणि माय सुटली. वहिनींची तब्येत, त्र्यंबकच्या मावशींचा गुडघा, काकूंचं एकवेळचं जेवण, कुणाच्या पोराला फोडणीचा ठसका लागतो, सव्वा महिन्याचं साठलेलं सगळं तिने एका दमात विचारलं, अस्सल बागलाणी अहिराणीत. कुणाला निम्मं कळलं, कुणाला तेवढंही नाही. पण सगळ्या एकदम उत्तरं द्यायला लागल्या. त्या गलक्यात मनमाडच्या वहिनींनी काकूंच्या कानाशी लागून विचारलं, "आंडेर म्हणजे काय हो?" काकूंना ठाऊक नव्हतं. नाशिकच्या काकूंना एखादा शब्द ठाऊक नसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी मायकडे पाहिलं, पण माय बोलण्यात बुडालेली.

मी साखरेची वाटी घेऊन भिंतीपासून पुढे आले.

"आंडेर म्हणजे मुलगी," मी म्हणाले. "मी. आणि ही मनी माय शे."